आल्यावर द्राक्ष, जाताना टोमॅटो

रविवारी सकाळी द्वारका चौकामागच्या सम्यक कॉलनीत यायला रिक्षावाले सरळ नाही म्हणायचे. येणार कसे? समाजमंदिरापासून मेन रोडपर्यंत नुसती म्हाताऱ्यांची रांग. कोणी मोटरसायकलवर दोघांच्या मधे दाबून आणलेला सासरा, कोणी सिन्नरहून पहिल्या एसटीनं आलेली आत्या, कोणी देवळाली कॅम्पातला रिटायर हवालदार. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली आणि तोंडी एकच विषय: साखर.

"तुमची किती उतरली, मावशी?"

"माझी? एकदम नॉर्मल! काल दोन जिलब्या खाल्ल्या. खोटं वाटत असेल तर सुनेला विचार."

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं बिनसाखरेचा चहा करायचं सोडून दिलं होतं. घ्यायलाच कोणी उरलं नव्हतं.

आत स्टेजवर उभे होते धनराज सर. बाबा नव्हे बरं का! बाबा, बुवा, महाराज म्हटलेलं सरांना मुळीच खपायचं नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात आयकार्ड. आयकार्डावर काय लिहिलंय ते कोणी कधी वाचलं नव्हतं.

"सुई नाही, रक्त नाही, देव नाही, दगड नाही!" माईकवर सर गरजायचे. "ओन्ली लाइट! मला हार घालू नका. माझ्या पाया पडू नका. पाया पडायचंच असेल तर घरी जाऊन आईच्या पडा!"

टाळ्या कडकडायच्या. आणि का कडकडू नयेत? ही कॉलनी काही अशीतशी नव्हती. इथल्या आजोबा-पणजोबांनी घरातले देवांचे टाक आणि म्हसोबाचे दगड उचलून गोदावरीत सोडले होते. इथं घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली पुस्तकांचं कपाट. अंगात आलं म्हणून कोणी घुमू लागलं तर इथल्या बायका त्याला पहिल्यांदा ग्लासभर पाणी द्यायच्या आणि मग दवाखान्यात न्यायच्या. लिंबू-मिरचीवाला बुवा या गल्लीत आला असता तर पोरांनी त्याला चौकापर्यंत पळवला असता. आलेला माणूस मात्र शर्ट-पँटीत आला, जय भीम म्हणाला आणि विज्ञानाचं नाव घेऊन खुर्चीवर बसला. झालं! सगळ्यांनी बोटं पुढं केली.

सरांचं यंत्र तळहातात मावेल एवढं. काळं, टोकाला रबराची छोटी वाटी, वाटीत काचेचा डोळा. वरून सगळीकडं सोनेरी कागद चिकटवलेला, फक्त आकड्यापुरती खिडकी उघडी. पहिल्याच रविवारी त्यांनी मोतीराम जाधवांना खुर्चीत बसवलं. मोतीराम समाजमंदिर कमिटीचे अध्यक्ष, आवाजानं दांडगे आणि मनानं भोळे. सरांनी त्यांचं बोट त्या वाटीवर दाबलं. खिडकीत आकडा आला: १८.४.

"हे परदेशी माप आहे," सर म्हणाले. "आपल्याकडच्या मापात आणायचं तर अठरानं गुणा. आहे का कोणी हुशार?"

कोणीतरी मोबाईलवर गुणलं. तीनशे एकतीस! सभेतून "अरे बापरे" निघालं. मोतीरामांचा चेहरा पडला.

मग सरांनी एक लाल दिवा काढला आणि मोतीरामांच्या मनगटावर धरला. "डोळे मिटा, काका. श्वास घ्या. किरण आत चाललेत. स्वादुपिंडाला जाग येतेय." इकडं त्यांनी पिवळ्या फडक्यानं यंत्र पुसलं. दोन बारीक टिक वाजले. परत बोट, परत आकडा: ५.२. गुणले अठरा. पुरते चौऱ्याण्णवसुद्धा नाहीत!

"लय भारी!" मोतीराम खुर्चीतून उठून ओरडले. "आरं, मला हलकं वाटाया लागलं!"

मागच्या भिंतीला टेकून सुयश पगारे हे बघत होता. ते दोन टिक ऐकले आणि त्याला काहीतरी खटकलं. तो आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

सुयश पिंपळगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी ऑफिसर होता. निर्यातीच्या पेटीत घड जाण्याआधी मण्यात गोडी किती भरलीय ते बघायचं, हे त्याचं काम. पूर्वी मणी चिरडून रस काढावा लागायचा. आता त्याच्याकडं यंत्र होतं. मण्याला लावायचं, बटण दाबायचं, आकडा घ्यायचा. मणी जसाच्या तसा. सरांच्या हातातलं यंत्र तेच होतं. सोनेरी कागद लावला म्हणून काय झालं? रोज हातात धरलेली वस्तू माणूस डोळे मिटूनही ओळखेल.

तेवढ्यात सभेतून भिमाबाई गांगुर्डे उठल्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या बाई. कॉलनीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. स्वतःला मधुमेह, रोज पोटात इन्सुलिनची सुई.

"एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "हे यंत्र नेमकं मोजतं काय? आणि ते बरोबर मोजतं हे कोणी तपासलं?"

सर दुप्पट हसले. "वा! बाईंसाठी जोरदार टाळ्या! असा प्रश्न विचारणारा समाजच पुढं जातो! मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा काय, स्वतःचीच भलामण करणार. तुमच्यातलाच कोणी जाणकार आहे का?"

"हाय की!" मोतीराम ओरडले. "आपला सुयश हाय. तो असल्याच मशिनीवर काम करतो. ये रं वर!"

सुयश वर गेला. सरांनी यंत्र त्याच्या हातात ठेवलं आणि त्यानं काही म्हणायच्या आधीच खांद्यावर शाल टाकली, हातात गुलाब दिला. "आपले तरुण शास्त्रज्ञ, सुयश साहेब!"

साहेब! सांगायलाच हवं, सुयशचं दुखणं तिथंच होतं. शिक्षण एमएस्सीपर्यंत, पण नातेवाईक कोणाला ओळख करून देताना काय म्हणायचे? "हा द्राक्षं निवडतो." लग्नाच्या बैठकीतसुद्धा तेच. आज पहिल्यांदा सगळी कॉलनी त्याच्याकडं मान वर करून बघत होती.

"हे यंत्र खरं आहे," तो बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याला बोलणं आवडू लागलं. "लाल रंगाच्या पलीकडं एक प्रकाश असतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला निअर-इन्फ्रारेड म्हणतात. तो आत शिरतो. आतलं पाणी, आतली साखर त्यातला काही भाग शोषून घेते, उरलेला परत येतो. परत किती आला त्यावरून आत साखर किती ते कळतं. कापायला नको, चिरडायला नको. यात चमत्कार काही नाही. शुद्ध विज्ञान आहे."

"ऐकलंत?" सरांनी माईक काढून घेतला. "शुद्ध विज्ञान!"

टाळ्यांत सभा बुडाली. सुयशच्या जिभेवर एकच शब्द राहून गेला होता: फळातली. फळातली साखर. तेवढा एक शब्द.

स्टेजवरून उतरताना बाईंनी त्याला हाताला धरून थांबवलं. "नक्की का रे, सुयश?"

वर्गात विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं. शाल अजून खांद्यावर होती. माणसं बघत होती. सुयशनं मनाशी म्हटलं, जगात रक्तातली साखर अशी मोजायचे प्रयत्न चालू आहेतच की, असेल यांच्याकडं तसलं काही. आणि ते दोन टिक? ऐकण्यात चूक झाली असेल.

"हो, बाई," तो म्हणाला.

भिमाबाई पुढच्या रविवारपासून रांगेत उभ्या राहिल्या. नुसत्या नाही हं, तपासून! त्यांनी नातवाला मोबाईलवर शोधायला लावलं. परदेशी मापातली साखर आपल्या मापात आणायला खरोखरच अठरानं गुणतात. बाईंचा उरलासुरला संशय गेला. फसवणाऱ्याचा गुणाकार बरोबर असू शकतो, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

सरांची एकच अट होती. "गोळ्या आणि किरण यांचं सासू-सुनेसारखं आहे. एका घरात नांदत नाहीत. औषध बंद, तरच किरण चालू." दिवे विकले जात होते, दिव्याखाली ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या विकल्या जात होत्या. मोतीरामांनी गोळ्यांची पाकिटं गटारीत फेकली आणि फेकतानाचा व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. बाईंनी इन्सुलिन फ्रिजमध्ये मागं सारून ठेवलं.

सुयश त्यानंतर समाजमंदिराकडं फिरकला नाही. सीझन आहे, वेळ नाही, असं सांगत राहिला. एकदा बाई भाजीवाल्यापाशी भेटल्या. विहाराच्या पायरीवर ठेच लागून अंगठ्याला पट्टी बांधलेली होती, पण तोंडभर हसू.

"तुझ्यामुळे सुई सुटली रे माझी," त्या म्हणाल्या. "पोटाची नुसती चाळण झाली होती."

सुयशला तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही त्यानं. पण मग सांगावं लागलं असतं की तेव्हा का नाही सांगितलं. "काळजी घ्या, बाई," एवढंच म्हणून तो मूग गिळून घरी आला. उद्या सांगू, त्यानं ठरवलं. त्याचा उद्या काही उगवला नाही.

एका दुपारी पॅकहाउसमध्ये फोन आला. बाई सकाळीच स्वयंपाकघरात बेशुद्ध पडल्या होत्या. सुयश हायवेनं मोटरसायकल हाकत दवाखान्यात पोहोचला तेव्हा बाईंची मुलगी तृप्ती मालेगावहून आधीच आली होती. तृप्ती आणि सुयश एकाच वर्गातले, बाईंच्याच.

"साखर सहाशेच्या वर गेलीय," ती म्हणाली. "मीटरला आकडाच दाखवता येईना. अंगठ्याची जखम आत सडत गेली. अंगठा काढावा लागणार. तेवढ्यावर भागलं तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले."

सुयश शेजारच्या बाकावर बसला.

"मला लहानपणी कावीळ झाली होती," तृप्ती म्हणाली. "अख्खं गाव म्हणत होतं, गळ्यात माळ घाला, उतरेल. आईनं घालू दिली नाही. तिच्या सासूशी भांडली, पण मला सिव्हिलला नेलं. आयुष्यात कोणत्या गंड्यादोऱ्याला तिनं हात लावला नाही. ती बाई एका टॉर्चवाल्यापुढं बोट धरून बसली! मी फोनवर तिला म्हटलं, आई, सुई सोडू नकोस. तर काय म्हणाली माहितीय? 'अगं, सुयशनं सांगितलंय. तो खोटं नाही बोलणार.'"

"मी फक्त यंत्र खरं आहे म्हणालो होतो."

"आहे का खरं?"

"द्राक्षासाठी आहे."

"हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

सुयशनं होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं त्राणसुद्धा त्याच्यात उरलं नव्हतं.

"जा इथून," ती म्हणाली.

तो जिन्यापर्यंत गेला. बाईंनी त्याला चंद्रग्रहण शिकवलं होतं, चेंडू आणि बल्ब घेऊन. ग्रहणात आईला भाजी चिरायला सांग आणि काय होतं ते बघून ये, असं म्हणाल्या होत्या. त्याच बाईंना त्यानं एका शालीसाठी खड्ड्यात ढकललं होतं. मग त्याला मोतीराम आठवले. ती रांग आठवली. सगळ्यांनीच गोळ्या सोडल्या होत्या. तो परत फिरला.

"रविवारी मी स्टेजवर जातोय," तो तृप्तीला म्हणाला. "बाईंचं रक्ताचं मीटर घेऊन येशील? माझ्यासाठी नको येऊस. बाकीच्यांसाठी ये."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शनिवारी बाईंचा अंगठा काढला.

रविवारी समाजमंदिर भरलेलं. बाईंची बातमी सगळ्यांना कळली होती आणि सरांचं उत्तर तयार होतं. "वाईट वाटतं," सर म्हणाले. "पण बाईंच्या मनात शंका फार. पहिल्या दिवसापासून बघताय ना तुम्ही? शंका असली की किरण अडतात. श्रद्धा पाहिजे!"

घ्या! जो देव नको म्हणत आला होता, तो महिन्या-दीड महिन्यात श्रद्धेवर येऊन पोचला. आणि कालपर्यंत ज्या प्रश्नाला टाळ्या होत्या, तोच आज दोष ठरला. गंमत अशी की कोणाला ते खटकलंसुद्धा नाही.

"सर, मी दोन शब्द बोलू का?" सुयशनं विचारलं.

"या, या, साहेब!" सरांना वाटलं, आणखी एक प्रशस्तिपत्र. त्यांनी स्वतःच्या हातानं माईक दिला. चोरानंच चावी दिली म्हणायची.

सुयशनं पिशवीतून पॅकहाउसचं यंत्र काढलं. मॅनेजरला सगळं सांगून, बोलणी खाऊन आणलेलं. त्यावर कागद-बिगद काही नव्हता. मग त्यानं एक द्राक्षाचा मणी काढला आणि यंत्र लावलं. पुढच्या रांगेतल्या आजींना वाचायला सांगितलं.

"अठरा पॉइंट एक," आजी म्हणाल्या.

"बरोबर. या रसाच्या शंभर भागांत साधारण अठरा भाग साखर आहे. आता हे बघा." त्यानं पायातली चप्पल काढली आणि तळाला यंत्र लावलं.

"सतरा पॉइंट सहा," आजींनी वाचलं आणि त्यांनाच हसू फुटलं.

मग त्यानं खुर्चीच्या गादीला लावलं. मग माईकच्या स्पंजला. दरवेळी सोळा, सतरा, अठराच्या आसपास काहीतरी. सभेत खसखस पिकली. "या खुर्चीला मधुमेह आहे का हो?" सुयशनं विचारलं. हसत मात्र तो नव्हता.

"आता या खुर्चीला बरं करतो." त्यानं एक बटण दाबलं. दोन बारीक टिक वाजले. त्यानं परत गादीला यंत्र लावलं.

"पाच पॉइंट तीन," आजींनी वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"गुणा अठरानं. खुर्ची नॉर्मल! दिवा लागला नाही, पाणी लागलं नाही. मी काय केलं ते ऐका. हे यंत्र फळांचं आहे. ते बनवताना हजारो द्राक्षं आधी या प्रकाशात बघतात, मग तीच चिरडून रसातली साखर मोजतात आणि दोन्हींचा मेळ यंत्राला शिकवतात. टोमॅटोचा धडा वेगळा, डाळिंबाचा वेगळा. शिकवलंय तेवढंच त्याला येतं. घोकंपट्टी केलेल्या पोरासारखं आहे ते, काहीही विचारा, पाठ केलेल्यातलंच उत्तर देणार. द्राक्षाचा धडा लावला की चपलेलाही ते द्राक्ष समजतं. टोमॅटोचा लावला की टोमॅटो. द्राक्षात साखर जास्त, टोमॅटोत कमी. ते दोन टिक म्हणजे धडा बदलल्याचा आवाज. पिवळ्या फडक्याखाली सरांचा अंगठा तेच करायचा. तुम्ही इथं आल्यावर द्राक्ष होता आणि जाताना टोमॅटो. माणूस म्हणून तुम्हाला कोणी मोजलंच नाही."

सुयशनं तो द्राक्षाचा मणी परत वर धरला.

"आणि एक. द्राक्षात शंभर भागांत अठरा भाग साखर असते. आपल्या रक्तात शंभरात एक भागसुद्धा नसते, एका भागाचा दहावा हिस्सा असते. खरंच अठरा भाग असती तर माणूस इथपर्यंत चालत आला नसता, त्याचं सरबत झालं असतं."

"बकवास!" सर उसळले. "ते फळाचं मशीन आहे! माझं मेडिकल आहे! जर्मन फ्रिक्वेन्सी!"

"मग कागद काढा," सुयश म्हणाला.

सर यंत्र खिशात घालू लागले. मोतीरामांनी त्यांचं मनगट धरलं, यंत्र काढून घेतलं आणि नखानं सोनेरी कागद सोलला. आकड्याच्या वर एक छोटं चित्र होतं. मोतीरामांनी चष्मा वर केला, खाली केला. द्राक्षाचा घड.

"म्हंजी मी द्राक्ष?" ते पुटपुटले. मग मान हलवून म्हणाले, "पण मला बरं वाटतंय की रं! हलकं वाटतंय!"

तृप्ती मागून पुढं आली. हातात आईचं मीटर होतं. "काका, बोट द्या. याला सुई आहे. थोडं दुखेल."

रक्ताचा थेंब पट्टीवर लागला. चारशे बारा.

मोतीराम मटकन खुर्चीत बसले. या गडबडीत धनराज सर मागच्या दाराकडं सरकले, पण तिथं कॉलनीची पोरं उभी होती. पोलीस आले, यंत्र, दिवे, बाटल्या घेऊन गेले. जादूटोण्याच्या कायद्यात हे बसतं का, यावर हवालदार बराच वेळ डोकं खाजवत होता. शेवटी फिर्याद लिहून घेतली.

लोक सुयशकडं वळले. टाळ्या? छे!

"तू तवा का नाय बोलला?" मोतीरामांनी विचारलं. आवाज दांडगा नव्हता, कापत होता. "तुझ्यावर भरोसा ठेवून म्या गोळ्या गटारीत टाकल्या."

सुयशकडं कारणं होती. माईक काढून घेतला होता, सीझन होता, खात्री नव्हती. त्यानं एकही वापरलं नाही.

"मला माहीत होतं, काका," तो म्हणाला. "टिक मी पहिल्याच दिवशी ऐकले होते. पण सगळे माझ्याकडं बघत होते, मला साहेब म्हणत होते. मला ते आवडलं. खरं बोललो तर शाल परत द्यावी लागेल, असं वाटलं. मी खोटं बोललो नाही असं मी स्वतःला रोज सांगत होतो. अर्धं खरं बोललो होतो ना! त्या अर्ध्यावरच बाई फसल्या. मला लाज वाटते."

कोणी त्याला 'जाऊ दे' म्हणालं नाही. तृप्ती तर नाहीच. ती पुढच्या माणसाचं बोट टोचत होती. सगळ्यांची साखर मोजून होईपर्यंत सुयश तिथं उभा राहिला, आणि प्रत्येक आकडा त्यानं ऐकला. मग ज्यांची फार चढलेली होती त्यांना त्यानं रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं.

उन्हाळा सरता सरता भिमाबाई हिंडू-फिरू लागल्या. एका रविवारी कॉलनीनं त्यांना समाजमंदिरात बोलायला बोलावलं. सगळ्यांना वाटलं, बाई धनराजवर तुटून पडणार.

"त्या माणसाचं पोलीस बघतील," खुर्चीत बसूनच बाई म्हणाल्या. "मी माझं सांगते. देव सोडला म्हणजे आपण फसणार नाही, अशी मला घमेंड होती. दगडापुढं हात जोडणाऱ्यांना मी हसायचे. मग आकड्यापुढं हात जोडले. नारळ काय, मशीन काय, न विचारता मान डोलावली की दोन्ही सारखंच. मी एक प्रश्न विचारला आणि माझ्याच विद्यार्थ्यानं हो म्हटल्यावर पुढचा गिळला. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विचारा. हे कशासाठी बनवलंय? कोणी तपासलंय? चुकत असेल तर आपल्याला कळणार कसं? घरात साधं रक्ताचं मीटर पडून होतं माझ्या. एकदा, एकदाच दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर? वर्गात तुम्हाला हेच शिकवलं, की पडताळून बघा. आणि मीच बघितलं नाही. आता तरी तुम्ही बघा. औषध सोडायला कोणी सांगितलं तर तो कितीही गोड बोलो, कितीही शिकलेला असो, आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

सभा संपली. सुयश दाराबाहेर चपलांपाशी उभा होता. दवाखान्यात तो रोज जायचा, पण बाई झोपलेल्या असतानाच. समोर उभं राहायची हिंमत त्याला आजवर झाली नव्हती. बाई तृप्तीच्या खांद्याचा आधार घेत दारात आल्या. डॉक्टरांनी सांगितलेले बूट अजून यायचे होते, म्हणून त्या जुनी अंगठ्याची चप्पल घालून, पाय घासत आल्या होत्या. सुयश पटकन खाली बसला आणि त्यानं चप्पल त्यांच्या पायापुढं सरळ केली.

बाईंनी पाय घातला. चप्पल धरून ठेवायला अंगठाच नव्हता. पाऊल उचललं की चप्पल जमिनीवरच राहायची. बाईंनी परत पाय घातला, परत तेच झालं. सुयशनं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघू लागला.

"तिकडं काय बघतोस?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वर्गात फळ्याकडं लक्ष नसलेल्या पोराला म्हणायच्या, तसं म्हणाल्या. "इकडं बघ. नीट बघ."

सुयशनं मान वळवली आणि त्या पायाकडं बघितलं.